कोणत्या पुलावरून?

गेल्या डिसेंबरात आमच्या कुटुंबातील सात जण न्यूझीलंडला जाऊन आले. थोरले बंधू व वहिनी, आम्ही उभयता, कन्या, जावई आणि बंधूंचा सतरा वर्षांचा नातू. सहलीचा आराखडा करण्याचे काम घरच्या रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामे बसू द्यायचे नाही, असा आमच्याकडे अलिखित ठराव आहे. तिकिटे, व्हिसा, हॉटेले, शिधा या बाबी आठ दिवसांत उरकल्या. एका प्रश्नावर मात्र दीड महिना खल चालला. क्वीन्सटाउनला जाऊन बंजी उडी घ्यायची, यावर तरुण मंडळी ठाम होती. ती कोणत्या ठिकाणाहून घ्यायची, यावर त्यांचे एकमत होईना.

उंच ठिकाणाहून लवचीक दोरी बांधून स्वतःला खाली झोकून द्यायचे आणि दोरीने पुन्हा वर खेचायचे, असा हा खेळ. याचे मूळ प्रशांत महासागरातील वानुआतू देशाच्या पेंटेकॉस्ट बेटावर आहे. तेथील पुरुष लाकडी मनोऱ्यावरून घोट्यांना वेली बांधून उडी घेतात. सुरण-कोनफळाच्या जातीचे याम नावाचे कंद तेथे पिकतात, त्यांच्या सुगीशी हा विधी जोडलेला आहे. १ एप्रिल १९७९ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काही साहसवेड्या तरुणांनी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोरीने उड्या घेतल्या आणि आधुनिक बंजीचा आरंभ झाला. पुढे न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेट यांनी १९८७ साली पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी घेऊन जगाचे लक्ष वेधले. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी व हेन्री व्हॅन ॲश यांनी क्वीन्सटाउनजवळ कवाराऊ नदीवरील जुन्या झुलत्या पुलावर कायमस्वरूपी केंद्र सुरू केले. पैसे भरून कोणालाही उडी घेता येईल, असे ते जगातील पहिले कायम केंद्र. पूल १८८० सालचा. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी बांधलेल्या पुलावरून आता लोक पैसे देऊन खाली उडी घेतात, हे ऐकून आमच्या बंधूंना फार मौज वाटली. त्यांचे भुसार मालाचे दुकान आहे. कोणत्या वस्तूला गिऱ्हाईक मिळेल याचा नेम नाही, असे ते नेहमीच म्हणतात.

क्वीन्सटाउनच्या परिसरात तीन ठिकाणे आहेत. कवाराऊचा पूल ४३ मीटर उंचीचा. गावालगतच्या डोंगरावर, गोंडोला जेथे पोहोचतो तेथे लेज नावाचा कठडा आहे. त्याची उडी ४७ मीटरची, पण खाली ४०० मीटरवर गाव दिसते, त्यामुळे नजरेला ती कितीतरी खोल वाटते. तिसरे नेव्हिस. दरीवर तारांच्या आधाराने टांगलेली खोली आणि तिच्यातून १३४ मीटरची उडी. उडी घेतल्यावर माणूस साडेआठ सेकंद खाली जात असतो, असे सांगतात. साडेआठ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवून पाहावे. मी पाहिले आणि पुढचे दोन दिवस त्या विषयावर बोललो नाही.

नातवाचे मत स्पष्ट होते. एवढ्या लांब जायचे तर नेव्हिसच; ४३ मीटर सांगितले तर मित्र हसतील. जावईबापूंनीही त्याला दुजोरा दिला. कन्येचा कल कवाराऊकडे होता, पण दोघांपुढे तिचे चालेना. वहिनींचा कौल अर्थातच सर्वांत कमी उंचीला.

उंची कमी म्हणजे धोका कमी, ही वहिनींची समजूत स्वाभाविक असली तरी तितकीशी बरोबर नाही. चाळीस मीटरवरून पडणे आणि एकशे चाळीस मीटरवरून पडणे, दोरी नसेल तर दोहोंचा शेवट एकच. दोरी असेल तर उंचीच्या प्रमाणात तिची लांबीही वाढवलेली असते. झटका उंचीमुळे दुप्पट-तिप्पट होत नाही. तो ठरतो दोरीची जाडी उडी घेणाऱ्याच्या वजनाशी किती जुळते यावर. ही दोरी लेटेक्स रबराच्या असंख्य बारीक धाग्यांची असते. हलक्या माणसाला जाड दोरी बांधली तर ती पुरेशी ताणली जात नाही आणि अंगाला हिसका बसतो. वजनदार माणसाला बारीक दोरी बांधली तर ती हवी त्याहून अधिक ताणली जाते. म्हणून चांगल्या केंद्रावर वजन दोनदा करतात आणि आकडा हातावर शाईने लिहितात. वजनाच्या बाबतीत चारचौघांत थोडी सूट घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी निदान येथे ती घेऊ नये.

तेव्हा उंचीचा आकडा बाजूला ठेवावा आणि दोरी कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे, असे मी घरात सुचवले. कर्जमंजुरीच्या वेळी आम्ही प्रकल्पाच्या इमारतीपेक्षा प्रवर्तकाकडे अधिक पाहत असू, तसेच हे. न्यूझीलंडमध्ये अशा साहसी व्यवसायांसाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. सुरक्षिततेचे लेखापरीक्षण आणि नोंदणी झाल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. बंजीसाठी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे संयुक्त मानकही आहे. प्रत्येक दोरीच्या उड्यांची नोंद आणि ठरावीक वापरानंतर ती बाद करणे, हे सगळे कागदावर असते. जेथे अशी वही मागितल्यावर माणूस हसतो, तेथून परत फिरावे.

दोन घटना मी मंडळींना मुद्दाम वाचून दाखवल्या. ३१ डिसेंबर २०११ रोजी आफ्रिकेतील व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या १११ मीटर उंच पुलावर एका ऑस्ट्रेलियन तरुणीची दोरी तुटली आणि ती पाय बांधलेल्या स्थितीत झांबेझी नदीत पडली. सुदैवाने ती वाचली. दुसरी घटना २०१५ सालची, स्पेनमधील कांताब्रिया प्रांतातली. सतरा वर्षांच्या एका डच मुलीने दोरी पुलाला बांधली जाण्याआधीच उडी घेतली आणि ती प्राणास मुकली. प्रशिक्षकाचे इंग्रजी कच्चे होते. तो ‘नो जंप’ म्हणाला असावा आणि तिने ‘नाऊ जंप’ असे ऐकले असावे, अशी शक्यता न्यायालयापुढे आली. वय ऐकून नातू जरा गप्प झाला. जेथे सूचना आपल्याला नीट समजेल अशा भाषेत मिळते, तेथेच उडी घ्यावी, हा मुद्दा त्याला त्या दिवशी पटला.

विम्याविषयी दोन शब्द. आमच्या प्रवास विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळल्याचे कलम शेवटून दुसऱ्या पानावर होते. जादा हप्ता भरून ते काढून घेतले. न्यूझीलंडमध्ये अपघाताच्या उपचारांसाठी सरकारी योजना आहे आणि तिचा लाभ पर्यटकांनाही मिळतो, पण बुडालेली विमानाची तिकिटे किंवा मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलेला नाही.

यापुढची गोष्ट अधिक नाजूक होती. जावईबापूंना लहानपणापासून उणे नऊ नंबरचा चष्मा आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका डोळ्याच्या पडद्याला लेझर केले होते, हे मला कन्येकडून ओझरते समजले होते. जावयाला प्रकृतीविषयी विचारणे आपल्या घरांत किती अवघड असते, हे वाचकांना सांगायला नको. पंगतीत त्यांना अधिक वाढावे, कमी वाढू नये. सल्ला तर अजिबात वाढू नये. सौभाग्यवतीने मला स्पष्ट बजावले होते की त्यांना काही बोलायचे नाही.

मी एवढेच केले. उडीपूर्वी प्रकृतीविषयी जे विचारले जाते त्याचा एक अर्ज तयार केला: हृदयविकार, रक्तदाब, फिट्स, मणक्याचा त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, डोळ्यांचे विकार. त्याच्या सात प्रती काढल्या आणि घरातील सातही जणांना, ज्यांना उडी घ्यायची नव्हती त्यांनासुद्धा, एकेक दिली. प्रत्येकाने आपापली भरावी, कोणाला दाखवू नये. वहिनींनीही भरली. त्यांना वाटले व्हिसासाठी आहे.

दोन दिवसांनी जावयांचा फोन आला. “पप्पा, डोळ्यांच्या प्रश्नापाशी मी अडलो आहे. डॉक्टरांकडे जाणार आहे, तुम्ही बरोबर याल का?” आम्ही दोघे गेलो. डॉक्टरांनी कागदावर डोळ्याचे चित्र काढून समजावले. मोठा उणे नंबर असतो तेव्हा डोळ्याचा गोल लांबट होतो आणि आतला पडदा ताणला जाऊन विरळ होतो. उलटे लोंबकळताना डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, त्यात उसळीचे हिसके. निरोगी डोळ्यांतही बंजीनंतर पडद्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. “तुमच्या डोळ्यांनी ही उडी घेऊ नये,” असे ते म्हणाले. कमी उंचीवरून चालेल का, असे जावयांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, “ज्या ठिकाणी हिसका आहे ते कोणतेच नाही.” परतताना गाडीत बराच वेळ शांतता होती. सिग्नलला थांबलो तेव्हा ते म्हणाले, “हिला मी सांगेन. तुम्ही सांगू नका.” मी होकार दिला. त्या दिवसापासून नेव्हिसच्या बाजूचे एक मत कमी झाले आणि कन्येने कवाराऊ नक्की केले.

तिच्या निवडीची कारणे मला पटण्यासारखी होती. पहिलीच उडी, त्यात खाली निळसर हिरवे पाणी जवळ दिसते, त्यामुळे नजरेला अंतराचा अंदाज राहतो. दुसरे म्हणजे पूल महामार्गालगत आहे. आईवडिलांना काठावरच्या सज्जातून विनाशुल्क पाहता येते. नेव्हिसला अर्धा दिवस मोडतो, खडबडीत रस्त्याने त्यांच्याच गाडीतून जावे लागते आणि बघ्यांनाही तिकीट पडते. ‘पाहणाऱ्यांत तुम्ही असणार, म्हणून पाहायला सोपे ते घेते,’ असे ती म्हणाली. माझ्या अर्जात हा रकाना नव्हता.

डिसेंबरात तेथे उन्हाळा असतो. सूर्यास्त रात्री नऊनंतर, त्यामुळे आमच्या चौविहारवाल्या वहिनी अत्यंत प्रसन्न होत्या. कवाराऊला तिचे वजन झाले, हातावर आकडा उमटला, घोट्यांना टॉवेल गुंडाळून पट्टे बांधले, कमरेला वेगळा पट्टा. एकाने बांधलेले दुसऱ्याने तपासले. पाण्याला डोके लावायचे का, असे विचारल्यावर तिने नको म्हटले. जावई सज्जाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभे होते. ती पुढे सरकली, तेव्हा सौभाग्यवतीने डोळे मिटले आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठीचा वळ संध्याकाळपर्यंत होता. उडी दोन-तीन सेकंदांत झाली. मग ती चार-पाच वेळा वरखाली झोके घेत राहिली आणि खाली रबरी होडीतल्या माणसांनी तिला काठीच्या आधाराने उतरवून घेतले. पायऱ्या चढून वर आली ती हसतही होती आणि रडतही. जावयांनी चित्रफीत तीनदा दाखवली. चौथ्यांदा त्यांनी एकट्यानेच पाहिली.

नातवाने हट्ट सोडला नव्हता. नेव्हिससाठी किमान तेरा वर्षे व पंचेचाळीस किलो अशी अट होती. कवाराऊला दहा वर्षे व पस्तीस किलो. त्यात तो बसत होता, प्रकृती उत्तम होती, तेव्हा अडवण्याचे कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी बंधू आणि मी त्याच्याबरोबर गेलो. तारेवरच्या पाळण्यातून टांगत्या खोलीत पोहोचलो. तिच्या जमिनीला काही ठिकाणी काच आहे, तिच्यावर बंधूंनी पाय ठेवला नाही. नातू फळीच्या टोकापर्यंत गेला. तेथे तो उभा राहिला. प्रशिक्षकाने एकदा आकडे मोजले, त्याने मान हलवली. पुन्हा मोजले, त्याने पुन्हा हलवली. कोणी ढकलले नाही, कोणी टोमणा मारला नाही. एकाने फक्त विचारले, “आत यायचे आहे का?” तो आत आला आणि आजोबांकडे न पाहता खाली बसला.

पैसे परत मिळणार नव्हते; ते पैसे भरतानाच सांगितलेले होते. दुकानात पाच रुपयांच्या बारदानाचा हिशेब ठेवणारे आमचे बंधू एवढी रक्कम गेल्यावर काय म्हणतील, अशी मला धास्ती होती. ते नातवाजवळ बसले आणि म्हणाले, “सौदा अंगावर येतोय असे वाटले की बयाणा सोडून उठायचे. मी तर पस्तिशीत शिकलो.” परतीच्या वाटेवर क्रॉमवेलला थांबून आम्ही चेरी घेतल्या. त्या हंगामात त्या तेथे भरपूर असतात. नातवाने एकट्याने अर्धा किलो संपवल्या.

पुण्यास आल्यापासून परिचितांचे फोन येतात. न्यूझीलंडला सर्वांनाच जाणे शक्य नसते. ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला ८३ मीटरची उडी आहे, गोव्यात मये तलावाजवळ ५५ मीटरची आहे, त्यांपैकी कोणती घ्यावी, असे विचारतात. मी त्यांना उलट विचारतो की उडी घेणारा कोण, वजन किती, चष्मा आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का. बहुतेक जण म्हणतात, मुलाला विचारून सांगतो. जावयासाठी विचारणारा असेल, तर त्याला मी अर्जाच्या कोऱ्या प्रती पाठवतो. काही प्रती अजून माझ्याकडे शिल्लक आहेत.