हाडांतला चुना
कॅल्शियम हा चुन्यातलाच धातू. अंबडकडच्या काळ्या रानात नांगर लागला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. चुनखड जास्त असेल तिथे मोसंबीची पाने पिवळी पडतात. झाडाला जाचणारा हा चुना माणसाला मात्र जन्मभर लागतो.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण किलोभर कॅल्शियम असते. त्यातले 99 टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या थोडक्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्ताचे गोठणे चालते, म्हणून रक्तातली पातळी शरीर ढळू देत नाही. ती जरा उतरली की गळ्यातल्या परावटू ग्रंथी हाडांतून उचल करायला लावतात. हाड म्हणजे पेवच: पोटातून भर पडली नाही, तर उपसा थांबत नाही.

हे पेव आईच्या पोटातच भरू लागते. जन्मताना बाळाच्या अंगात 25 ते 30 ग्रॅम कॅल्शियम असते, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत साठलेले. अंगावर पाजताना आईचे हाड थोडे झिजते. दूध तुटले की बरेचसे भरून येते. बाळंतिणीला खसखशीची खीर आणि अळिवाचे लाडू देणाऱ्या बायकांनी मिलिग्रॅम मोजले नव्हते, पण या दोन्हींत कॅल्शियम भरपूर आहे.

खरी भरती वयात येताना होते आणि तिशीच्या आसपास संपते. नेमक्या त्याच वयात घरातले दूध डेअरीला जाते आणि मुलीच्या वाट्याला चहापुरते उरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज 1000 मिलिग्रॅम हवे, पाळी गेलेल्या बाईला 1200. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिळते, ज्वारीच्या भाकरीत फारच थोडे. तिळात खूप असते. पण तीळ भोगीच्या भाकरीवर चिमूटभरच, आणि त्यातले सगळे अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला त्याहून सोयीचा. तंबाखूत मळलेला चुना हिशेबात धरू नये. तो तोंड भाजतो आणि तंबाखू हाड ठिसूळ करते.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि झीज एकदम वाढते. उंबऱ्याला ठेच लागून हात टेकला, एवढ्याने मनगट मोडते. मणके दबून पाठीला बाक येतो. म्हातारपणी आतडे कॅल्शियम कमी शोषते, उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्वही कमी तयार होते. म्हणून गरज तेव्हाही सरत नाही. जोडीला हाडाला भार लागतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या झेपतील तेवढ्या चढणे हा तसाच भार आहे.