चमचाभर गोड, पेलाभर पाणी

मैत्रिणींनो, ग्रीसच्या खिओस बेटावरचं पिर्गी गाव पाहिलंत, तर दारातली रांगोळी भिंतींवर चढलीय असंच वाटेल! चुन्याचा थर खरवडून काढलेली काळी-पांढरी नक्षी आणि सज्जांतून टांगलेल्या लालभडक टोमॅटोंच्या माळा.

इथलं धन म्हणजे 'मस्तिहा' नावाचा सुगंधी डिंक. उन्हाळ्यात झाडांना चिरा पाडून तो गोळा करायचा आणि पुढे बायकांनी घरोघरी बसून एकेक खडा साफ करायचा, आपण तांदूळ निवडतो तसा. या कसबाला 2014 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला.

अशाच निवडत बसलेल्या एका आजींनी आम्हांला खुणेनं आत बोलावलं. थंड पाण्याच्या पेल्यात मस्तिहाच्या पांढऱ्याशुभ्र गोडाचा चमचा बुडवून हाती दिला. आधी चमचा चाटायचा, मग पाणी प्यायचं. आपलं गूळपाणीच की हो! ह्यांनी पाकीट काढलं, तर आजींनी हसत ते परत खिशात ठेवायला लावलं.

ग्रीक भाषेत 'क्सेनोस' म्हणजे परका आणि पाहुणासुद्धा. शब्द एकच! आपला 'अतिथी'ही न कळवता येणाराच ना? हल्ली मात्र फोन न करता कुणी आलं की आपल्या कपाळाला आठ्या. गूळपाण्याला खर्च तो कितीसा? ते पुढे करावंसं वाटलं पाहिजे, एवढंच.