गाडी तेल पिते!

मानपाडा नावाच्या दोन जागा आमच्या ठाणे जिल्ह्यात आहेत, हे नवख्याला ठाऊक नसते आणि ज्याला ठाऊक असते तो ऐन वेळी विसरतो. एक मानपाडा ठाण्याचा, घोडबंदर रस्त्यावरचा; तिथून टिकुजिनी वाडीकडे रस्ता जातो आणि मागे येऊरचा डोंगर दिसतो. दुसरा आमचा, डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शिळ रस्त्याला टेकलेला. ठाण्याच्या मानपाड्यात उतरून आमचे घर शोधणारे पाहुणे मी पाहिले आहेत. एकदा तर साखरपुड्याचे पेढे तिकडे जाऊन, तिकडच्या हवेने मऊ होऊन, दुसऱ्या दिवशी इकडे आले.

आमच्या मानपाड्याला धुराचे अप्रूप नाही. शेजारी औद्योगिक वसाहत. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या फेब्रुवारीत एक रस्ता चक्क गुलाबी झाला, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. अशा ठिकाणच्या माणसाने एका मोटारीच्या नळकांड्यातून निघालेल्या चिमूटभर निळ्या धुराची कथा सांगायची म्हणजे समुद्रकाठच्याने दवाचे कौतुक करण्यासारखे आहे. पण त्या चिमूटभर धुरामागे माझ्या थोरल्या भावाच्या फंडाचे सहा लाख रुपये उभे होते.

झाले असे की आमच्या पुतण्याला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. नवी नव्हे, नवीची किंमत ऐकून आमची वहिनी देवघरात जाऊन बसली असती. जुनी, दोन दारांची, लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. किंमत चौदा लाख. आठ लाख पुतण्याचे, आणि सहा दादाने निवृत्तीच्या पैशांतून द्यायचे. पन्नास हजार बयाणा देऊनही झाला होता. गाडीच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही. गाडीत दोष निघाला तर तो त्या गाडीचा. कारखान्याची अब्रू कशाला घ्या?

एके संध्याकाळी वहिनी आली. म्हणाली, "भावजी, तुम्ही इतकी वर्षे गाडी ठेवलीत. जरा बघून या ना. तो म्हणतो, सुरू करताना थोडा निळा धूर येतो, पण विकणारा सांगतो की ह्या गाड्यांचे असेच असते."

वहिनीचा माझ्यावरचा विश्वास फार जुना, आणि त्याचे मूळ आमच्या प्रीमियर पद्मिनीत आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची ही गाडी. मूळची इटलीची फियाट ११००, पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी नाव घेऊन अस्सल मुंबईकर झाली. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन. त्याच प्रीमियरचा एक कारखाना आमच्या कल्याण-शिळ रस्त्यावर होता आणि १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी जोडली जात असे. आता कारखाना नाही, पण त्याचे नाव त्या भागाला अजून चिकटून आहे. मोटारीविषयी मत देण्याचा हक्क आपल्याला जन्मतःच आहे असे आमच्याकडच्या अनेकांना वाटते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

आमची पद्मिनी १९८८ सालची. तिच्या डिकीत स्टेपनी, जॅक आणि ऑईलचा डबा ह्या तीन गोष्टी कायमच्या. पहिली सात-आठ वर्षे डबा नुसता शोभेला होता. नंतर गाडी तेल प्यायला लागली. सकाळी चावी फिरवली की मागे निळी शाल पसरायची आणि पहिल्या मजल्यावरचे जोशी खिडकी लावून घ्यायचे. त्या वेळी मानपाडा रोडवरच्या आमच्या मिस्त्रींनी मला धुराची जी बाराखडी शिकवली, तीच इथे कामाला आली.

ती अशी. धूर तीन रंगांचा. पांढरा, लगेच विरणारा, तो धूरच नव्हे, ती वाफ. एक लीटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लीटर पाणी तयार होते, आणि नळकांडे थंड असेल तर ते डोळ्यांना दिसते. हिवाळ्यात तर दिसायलाच हवे. मात्र गाडी तापल्यावरही पांढरे लोट थांबेनात, तर इंजिन थंड ठेवणारे पाणी आत झिरपते आहे असे समजावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. आणि निळा म्हणजे तेल. जे इंजिनाला वंगण म्हणून घातले ते जळते आहे.

आता हे तेल जळण्याच्या जागी जाते कसे? वाटा मुख्यतः दोन. वरून, व्हॉल्व्हच्या दांड्याशी जी रबराची सीले असतात ती वयाने कडक झाली, की रात्रभर तेल थेंबथेंब खाली उतरते आणि सकाळी एकदम जळते. हा धूर मिनिटभरात ओसरतो. खालून, पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा सिलिंडरला चरे पडले, तर तेल सतत वर येते, आणि गाडीवर जोर पडला की धूर वाढतो. पहिले दुखणे दाताचे, दुसरे हाडाचे. पहिल्याचा खर्च हजारांत, दुसऱ्याचा लाखांत.

विकणारा जे सांगत होता त्यात तथ्य नव्हते असे नाही. १९६३ साली जगापुढे आलेली पोर्शे ९११ घ्या. तिच्या इंजिनाचे सिलिंडर उभे नसतात, आडवे झोपलेले असतात. गाडी रात्रभर उभी राहिली की थोडे तेल पिस्टनच्या कडेने आत सरकते, आणि सकाळी एक निळा फुत्कार टाकून ती शहाण्यासारखी चालू लागते. त्या गाड्यांचे मालक ह्याला खोड म्हणतात, रोग म्हणत नाहीत. माझदाच्या आरएक्स-७ मध्ये तर पिस्टनच नव्हते. त्रिकोणी चक्र फिरायचे आणि त्याच्या कडांना वंगण मिळावे म्हणून कंपनीच मुद्दाम थोडे तेल आत सोडायची. एकूणच वेगाच्या गाड्या तेलाच्या बाबतीत खर्चिक. इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेते. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो म्हणून थंडपणी तो सैल ठेवावा लागतो. टर्बो असेल तर त्याचा दांडा तेलावरच तरंगत फिरतो. काही नामवंत कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत हजार किलोमीटरला एक लीटरपर्यंत तेल जाणे मर्यादेतलेच धरले आहे. आमच्या पद्मिनीने एवढे तेल प्यायले असते, तर मिस्त्रींनी मला दारात उभे केले नसते!

आणि फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तर तेल जळणे ही चोरीची कला झाली होती. पेट्रोलवर मर्यादा, म्हणून काही संघ वंगणाचे तेलच इंधनासारखे जाळून जोर मिळवतात असा संशय आला. शेवटी २०१८ पासून १०० किलोमीटरला ०.६ लीटरहून जास्त तेल जाळायचे नाही असा नियम करावा लागला. मोटारीला तेल पिण्याचे रेशनकार्ड मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

असो. गाडी होती ठाण्याच्या मानपाड्यात. पुतण्याने मिस्त्रींना फोन केला, "गाडी मानपाड्यात आहे." मिस्त्री म्हणाले, "मग मी चालतच येतो!" तो घोटाळा निस्तरून शीळफाटा, मुंब्रा बायपास, कापूरबावडी असे करत आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. विक्रेत्याने गाडी पुसून लखलखीत ठेवली होती. चावी फिरवली, नळकांड्यातून काही म्हणजे काही आले नाही. पुतण्याचा चेहरा फुलला. मिस्त्रींनी मात्र आधीच बॉनेटवर हात ठेवला होता, नाडी पाहावी तसा.

"गाडी गरम आहे, साहेब. आपण यायच्या आधी चालवली आहे."

विक्रेत्याने ताजे पी. यू. सी. प्रमाणपत्र पुढे केले. मिस्त्रींनी ते आदराने वाचले आणि परत दिले. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात; गाडी तेल किती पिते हे तो कागद सांगत नाही. मग त्यांनी तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळले. "जाड घातले आहे," एवढेच म्हणाले. जाड तेल घातले की धूर काही दिवस दडून बसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गाडी थंड पाहायची असे ठरले. विक्रेता तयार नव्हता. पण पन्नास हजारांचा बयाणा आणि मिस्त्रींचे पांढरे केस ह्यांपुढे त्याचे चालले नाही. डिसेंबरचे दिवस होते. येऊरकडून गार वारा येत होता. चावी फिरली. आधी वाफ आली, आणि वाफेच्या मागून निळा धूर. एक मिनिट, दोन मिनिटे, तीन. विक्रेता म्हणाला, "स्पोर्ट्स कार आहे हो! पोर्शेसुद्धा धूर सोडते."

"सोडते," मी म्हणालो. "पण तिचे इंजिन झोपलेले असते. तुमचे उभे आहे."

आयुष्यात मोटारीविषयी मी बोललेले हे एकमेव वाक्य, ज्यावर मिस्त्रींनी मान डोलावली.

मग मिस्त्री आणि विक्रेता त्या लाल गाडीतून गायमुखच्या घाटाकडे निघाले आणि आम्ही काका-पुतणे मागून आमच्या छोट्या गाडीतून. धूर पाहायचा तर मागून पाहावा. चालवणाऱ्याला तो दिसत नाही. चढ लागला, पुढच्या गाडीने जोर घेतला, आणि आमच्या काचेवर निळे धुके आले. पुतण्या काही बोलला नाही. त्याने वायपर चालू केला. धुराला वायपर काय करणार!

शेवटची परीक्षा एका गॅरेजात, आमच्या खर्चाने झाली. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तीन ठिकाणी १६५ च्या आसपास, तिसऱ्या नंबरला ११०. मिस्त्रींनी त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडले आणि पुन्हा मोजले. काटा १५० वर गेला. चमचाभर तेलाने दाब सुधारला म्हणजे फट रिंगेपाशी, हाडाचे दुखणे. व्हॉल्व्हचे असते तर काटा जागचा हलला नसता. इंजिन उघडण्याचा अंदाज निघाला चार लाखांचा, आणि सिलिंडरला चरे निघाले तर पुढे देवाची मर्जी. शिवाय जळक्या तेलाने धुराच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो तो वेगळाच.

त्या रात्री घरात बरीच बोलाबोली झाली. पुतण्या म्हणे, किंमत पाडून घेऊ. दादा, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "सहा लाख तुला दिले आहेत, ते तुझे. पण ते मी चौतीस वर्षांत साठवले, एवढे ध्यानात ठेव." पुतण्या गच्चीवर गेला आणि तासाभराने खाली येऊन जेवायला बसला. विक्रेत्याने दहा हजार कापून बयाणा परत केला.

ह्या गोष्टीला आठ महिने झाले. मध्यंतरी त्याने दुसरी गाडी घेतली. दोन दारांचीच, पण पांढरी, आणि नऊ लाखांत. त्यासाठी तीन पहाटे तीन गावांत जाऊन गाड्या थंड पाहिल्या. आता त्याने एक वही केली आहे. दर हजार किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी काढून नोंद करतो. पहिल्या हजाराला काही नाही, दुसऱ्याला २०० मिलिलीटर, तिसऱ्याला १५०. मिस्त्रींनी वही पाहिली आणि म्हणाले, "चालेल." दादा अजून त्या गाडीत बसलेला नाही. गुडघे हनुवटीला लागतात म्हणतो.