पाचवा लाइनबॅकर

26 ऑगस्ट 2025, मंगळवार. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. पिट्सबर्गच्या आमच्या घरात नारळ खवणं चाललं होतं आणि माझं निम्मं लक्ष फोनकडे होतं. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, 32 संघांना आपापली यादी 90 खेळाडूंवरून 53 वर आणायची होती. एका संघातून 37 जण बाहेर. सगळ्या संघांचे मिळून अकराशेहून अधिक तरुण एका दिवसात बेकार होतात. त्यातल्या काहींना दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत दुसरा संघ उचलतो, काहींना सोळा जणांच्या सराव तुकडीत जागा मिळते, आणि बाकीचे सामान बांधून घरी जातात.

सामन्यांच्या चित्रफिती बघून प्रत्येक खेळीत कोण कुठे होता, का होता, याची नोंद ठेवणं हा माझा व्यवसाय आहे. कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांसाठी मी हे करते आणि माझा विषय बचावफळी, त्यातही लाइनबॅकर. लोक मला विचारतात, यंदा आपल्या संघाचे लाइनबॅकर कसे आहेत? त्यांना पहिल्या दोघांबद्दल ऐकायचं असतं. मी चौथ्या आणि पाचव्याबद्दल बोलायला लागले की त्यांचे चेहरे उतरतात. पण हंगाम सप्टेंबर ते जानेवारी असा चालतो, आणि डिसेंबरात मैदानावर कोण उभा असेल हे सप्टेंबरातले पहिले दोघे ठरवत नाहीत.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. बचावाची पहिली रांग अगडबंब माणसांची. ते समोरच्याला अंगाने भिडतात. सगळ्यात मागे चपळ धावणारे, पास अडवणारे. या दोहोंच्या मधला तो लाइनबॅकर. वजन शंभर-एकशेपाच किलो, आणि कामं दोन्हीकडची: धावणाऱ्याला जमिनीवर आणायचं, आणि पास असेल तर उलटं मागे पळायचं. समोर काय होणार आहे हे त्याला चेंडू हलल्यावर अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं. तो चेंडूकडे बघत नाही. तो समोरच्या गार्डकडे, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या रांगेतल्या खेळाडूकडे, बघतो. गार्ड पुढे आला तर धाव, मागे सरकला तर पास, बाजूला पळत सुटला तर त्याच्यामागे जायचं. हे शिबिरातल्या नव्वदांपैकी प्रत्येकाला पाठ असतं. फरक पडतो तो समोरचा संघ मुद्दाम खोटं बोलतो तेव्हा: गार्ड पुढे येतो, हातात चेंडू दिल्याचं नाटक होतं आणि पास मागून जातो. चांगला लाइनबॅकरही फसतो. मी नोंदते ते फसल्यानंतरचं पाऊल. फसलो हे किती लवकर कळलं आणि कळल्यावर तो वळून पळाला की जागेवर रेंगाळला.

पूर्वी संघ आठ-आठ लाइनबॅकर बाळगत. आता समोरचे संघ बहुतेक वेळा तीन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, घेऊन खेळतात, म्हणून बचावालाही एक लाइनबॅकर काढून पाचवा चपळ बचावपटू आणावा लागतो. निम्म्याहून जास्त खेळींत मधले लाइनबॅकर दोनच असतात. मग तिसऱ्याचं, चौथ्याचं, पाचव्याचं काय? सामन्याच्या दिवशी 53 पैकी जास्तीत जास्त 48 जण गणवेश घालतात. पाचव्या लाइनबॅकरला त्यात जागा मिळते ती किकमुळे. किकऑफ, पंट, पंट परतवणं, फील्ड गोल, या खेळींसाठी वेगळी तुकडी उतरते, तिला स्पेशल टीम्स म्हणतात. तिथे लागणारं शरीर नेमकं लाइनबॅकरचं असतं: धावू शकेल इतकं हलकं, आपटू शकेल इतकं जड. 2024 पासून किकऑफचा नियम बदलला. किक मारणाऱ्या संघाचे दहा जण आता समोरच्यांपासून पाच-दहा यार्डांवर उभे राहतात आणि चेंडू पडेपर्यंत किंवा कुणी तो झेलेपर्यंत हलत नाहीत. लांबून वेगात येऊन आदळणं गेलं, थोड्या जागेतली झटापट आली. माझ्या मते या बदलाने लाइनबॅकरांच्या शेवटच्या खुर्चीची किंमत वाढवली, आणि वेगाच्या जोरावर टिकून असलेल्या राखीव रिसीव्हरांची कमी केली.

यातलं टोकाचं उदाहरण लॅरी इझ्झोचं. राइस विद्यापीठातला हा लाइनबॅकर ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यात, कुणीच निवडला नव्हता. 1996 मध्ये मायामीच्या शिबिरात प्रशिक्षक जिमी जॉन्सनने जाहीर केलं की संघातली जागा पक्की अशी माणसं दोनच: डॅन मरिनो आणि लॅरी इझ्झो. मरिनो म्हणजे त्या काळचा अतिशय नावाजलेला क्वार्टरबॅक, संघाचे पास टाकणारा खेळाडू. इझ्झो पुढे न्यू इंग्लंडकडून तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला, आणि ते जवळजवळ सगळं किक तुकडीवर.

पण पाचवा लाइनबॅकर कधीतरी पहिला होतो. पिट्सबर्गमध्ये राहून हे न शिकणं अवघड आहे. 1974 साली हेन्री डेव्हिस शिबिराच्या काळात जखमी झाला आणि मधल्या जागेवर केंट स्टेटचा एक सडसडीत, दात पडलेला नवखा आला, जॅक लॅम्बर्ट. तो पुढे दहा वर्षं हलला नाही. त्याच कॉलेजमधून 2002 साली जेम्स हॅरिसन आला, ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला. पिट्सबर्गने त्याला पुन्हा पुन्हा काढलं, बाल्टिमोरनेही काढलं, मध्ये तो युरोपातल्या लीगमध्ये ऱ्हाइन फायर संघाकडून खेळून आला. 2004 च्या उन्हाळ्यात क्लार्क हॅगन्सचा हात व्यायाम करताना दुखावला, म्हणून हॅरिसनला परत बोलावलं. त्याच नोव्हेंबरात क्लीव्हलंडला सामना सुरू होण्याआधीच जोई पोर्टर विरोधी खेळाडूशी मारामारी करून हाकलला गेला आणि हॅरिसन पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरांत उभा राहिला. तरी कायमची जागा मिळायला 2007 उजाडलं, पोर्टरला संघाने सोडल्यावर. 2008 मध्ये 16 सॅक (म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), लीगचा सर्वोत्तम बचावपटू, आणि 1 फेब्रुवारी 2009 ला टँपाच्या सुपर बोलमध्ये कर्ट वॉर्नरचा पास पकडून शंभर यार्ड धाव.

या गोष्टीला सगळे जिद्दीची गोष्ट म्हणतात. मला ती जागेची गोष्ट वाटते. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती आणि तिथे बिशनसिंग बेदी होते. हॅरिसनच्या पुढे पोर्टर आणि हॅगन्स होते. एकाचा हात दुखावला नसता आणि दुसऱ्याचा तोल सुटला नसता, तर लीगला हॅरिसन कळला असता का? हजारभर माणसं दरवर्षी निघून जातात, त्यांच्यात कुणी हॅरिसन होता का, हे कुठल्याच चित्रफितीत सापडत नाही.

शिवाय दाखवायची संधीच आक्रसली आहे. 2021 पासून सराव सामने चाराऐवजी तीन झाले. गेला तो चौथा सामना बड्या खेळाडूंनी बाकावर बसून काढायचा असायचा. तळाच्या दहा-बारा जणांना त्यात सगळा वेळ मिळायचा. त्याऐवजी आलेला सतरावा अधिकृत सामना विकून पैसा येतो, हे मला समजतं. तरी मला तो चौथा सामना हवा होता.

आता 2017 पासूनचं पिट्सबर्ग. त्या वर्षी संघाने 13 सामने जिंकले, तीन हरले. मध्ये रायन शेझिअर होता, पळण्यात त्याच्या जोडीचा लाइनबॅकर लीगमध्ये क्वचित सापडेल. 4 डिसेंबरला सिनसिनाटीत टॅकल करताना त्याच्या मणक्याला इजा झाली. तो पुन्हा चालू लागला, खेळला मात्र नाही. संघाने शॉन स्पेन्सला बोलावलं, तो पूर्वी इथेच होता. 14 जानेवारीला जॅक्सनव्हिल आलं, लेनर्ड फूर्नेटने तीन टचडाउन केले आणि 45-42 असा पराभव झाला. घरच्या मैदानावर 42 गुण करून हरणं! राखीव खेळाडूंकडे शेझिअरचा वेग नसणार हे मान्यच होतं. ती चित्रफीत मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते ती दुसऱ्याच कारणासाठी.

बचावात एका वेळी एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो. 2008 पासूनची ही सोय. त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद. त्याच्या आत ऐकलेला हुकूम इतर दहांपर्यंत पोचवायचा, आणि समोरचा संघ जागा बदलू लागला की नवा हुकूम स्वतः द्यायचा. हे काम बहुधा मधल्या लाइनबॅकरकडे असतं. प्रशिक्षक वापरतात त्या फितीत बावीसही खेळाडू वरून दिसतात आणि आवाज नसतो. तरी आवाज पोचला की नाही हे दिसतं. हुकूम पोचलेला असेल तर पुढची रांग समोर बघते. पोचला नसेल तर एखादा मागे मान वळवतो, दुसरा हात वर करून विचारतो, आणि तेवढ्यात चेंडू निघतो. राखीव लाइनबॅकर आला की वळलेल्या माना मोजायच्या, हे मी स्वतःला लावून घेतलेलं गणित आहे. नवख्याला त्याचं स्वतःचं काम माहीत असतं. इतर दहांची कामं त्यांना वेळेत सांगता येणं, याला मी डेप्थ म्हणते.

शेझिअरची जागा भरायला संघाने 2019 मध्ये डेन्व्हरला तीन निवडी दिल्या, त्या वर्षीची पहिली आणि दुसरी फेरी, पुढच्या वर्षीची तिसरी, आणि दहाव्या क्रमांकावर डेव्हिन बुशला घेतलं. हा सौदा मला तेव्हाच महाग वाटला होता, कारण एका माणसासाठी तीन माणसांची जागा दिली होती. 18 ऑक्टोबर 2020 ला बुशच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. आत आला रॉबर्ट स्पिलेन, ड्राफ्टमध्ये न निवडलेला, टेनेसीने सोडून दिलेला. त्याचे आजोबा जॉनी लॅटनर, 1953 चे हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, विजेते, एक हंगाम पिट्सबर्गकडूनच खेळले होते. पुढच्या रविवारी सामना नेमका टेनेसीशी. गोल लाइनवर त्यांचा डेरिक हेन्री, सुमारे एकशेबारा किलोचा, सरळ स्पिलेनच्या अंगावर आला आणि स्पिलेनने त्याला जागच्या जागी थोपवलं. त्यानंतरच्या रविवारी त्याने बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचा पास पकडून टचडाउन केला. बुश पुढे पूर्वीसारखा धावला नाही आणि 2023 मध्ये सिॲटलला गेला. स्पिलेन त्याच वर्षी लास वेगासला गेला आणि तिथे पहिला लाइनबॅकर झाला.

दोघे गेल्यावर पिट्सबर्गने बाहेरून तिघे आणले: कोल होल्कम, इलॅन्डन रॉबर्ट्स, क्वॉन अलेक्झांडर. तिघेही अनुभवी, किंमतही वाजवी. उन्हाळ्यात मला ही फळी आवडली होती. 2 नोव्हेंबरला होल्कमचा गुडघा गेला, 12 नोव्हेंबरला अलेक्झांडरची टाचेवरची शीर. दहा दिवसांत तिघांतले दोघे. मग संघाने माइल्स जॅकला फोन केला. जॅक ऑगस्टमध्ये निवृत्त झाला होता. जानेवारी 2018 च्या त्या 45-42 सामन्यात जॅक्सनव्हिलकडून पिट्सबर्गचा पास पकडणारा जॅक तो हाच. डिसेंबरच्या सुरुवातीला पिट्सबर्ग घरी ॲरिझोनाशी हरलं आणि चारच दिवसांत न्यू इंग्लंडशी. दोघांचीही तोवरची कमाई दोन विजय, दहा पराभव. दोष एकट्या लाइनबॅकरांचा नव्हता, क्वार्टरबॅकही जखमी होता. पण त्या दोन सामन्यांतल्या वळलेल्या माना मी मोजल्या आहेत.

2024 मध्ये संघाने धडा घेतला असं मला वाटतं. पॅट्रिक क्वीनला बाल्टिमोरहून तीन वर्षांच्या 41 दशलक्ष डॉलरच्या करारावर आणलं आणि 98 व्या क्रमांकावर पेटन विल्सनला निवडलं. कॉलेजचा सर्वोत्तम लाइनबॅकर म्हणून बटकस पुरस्कार मिळवलेला मुलगा तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला तो गुडघ्यांच्या इतिहासामुळे. त्याला लगेच सगळा भार दिला नाही. रॉबर्ट्स धावेच्या खेळींना, विल्सन पासच्या खेळींना, अशी वाटणी झाली.

2025 च्या वसंतात रॉबर्ट्स लास वेगासला गेला, स्पिलेनने तिथे रिकाम्या केलेल्या जागी. स्पिलेन न्यू इंग्लंडला. होल्कम दीड वर्षाच्या दुखण्यातून परतला. आणि सातव्या फेरीत वॉशिंग्टन विद्यापीठाचा कार्सन ब्रूनर आला. त्याचे वडील मार्क याच संघाकडून 1995 ते 2003 खेळले होते, म्हणून वशिल्याची कुजबुज झालीच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी फोनवर ज्याचं नाव शोधत होते तो हाच. 53 मध्ये राहिला तर त्या वर्षीचा किमान पगार 8,40,000 डॉलर. सराव तुकडीत गेला तर आठवड्याला सुमारे 13,000, म्हणजे अठरा आठवडे टिकला तरी सव्वादोन लाखांच्या आसपास.

तो राहिला. वडिलांमुळे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऑगस्टमधल्या सामन्यांच्या किकच्या खेळी बघाव्यात.