झडपा लावणार कोण?

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी, एका धर्मग्रामात, उन्हाळाभर सेवेसाठी राहण्याचा योग आम्हांला आला. समुद्रकाठच्या या जुन्या शहरात वास्तुजतनाचा कायदा १९३१ सालापासून आहे. रस्त्यावरून दिसणारी खिडकी बदलायची, तरी मंडळाची अनुमती लागते.

एका सायंकाळी ऐंशीच्या घरातील एका आजीबाईंनी आम्हांला बोलावून घेतले. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो वादळ आले, त्या रात्री त्या याच घरात होत्या. माडीवरचे एक तावदान फुटले, वारा आत घुसला आणि छपराचा कोपरा उचलला गेला.

"फादर, मुलगा म्हणतो, खिडक्या काढून नव्या बसव. पण या चौकटींना माझे यजमान स्वतः रंग देत असत. काय करू?"

काचेच्या बाबतीत आम्ही अडाणी. त्यांच्या सुताराने आम्हांला शहाणे केले. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर दक्षिण फ्लोरिडात खिडक्यांची कठोर परीक्षा सुरू झाली. सुमारे ४ किलोची लाकडी फळी ताशी ५५ किलोमीटर वेगाने काचेवर आदळवतात. दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घातलेले तावदान तडकते. परंतु चौकट सोडत नाही. वारा बाहेरच राहिला, की छपराला आतून रेटा बसत नाही. जुन्या चौकटी ठेवायच्या, तर बाहेरून मजबूत झडपा हव्यात. "मात्र झडप स्वतःहून मिटत नाही," तो म्हणाला.

खरी अडचण तीच होती. या वयात शिडीवर चढणार कोण?

अखेर मंडळाच्या संमतीने मागच्या खिडक्यांना लाकडी चौकटीत नव्या काचा बसल्या. रस्त्याकडच्या जुन्या चौकटी दुरुस्त होऊन त्यांवर भक्कम झडपा आल्या. शेजारच्या दोन तरुणांनी त्या लावण्याचे काम अंगावर घेतले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही विचारले, "तुम्ही कोणाच्या झडपा लावणार?" त्या दिवशी फळ्यावर नावांची यादी लागली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या वसईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आम्हांला ती यादी आठवली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आम्ही दूरध्वनी करू लागलो. काहींच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. कडीपर्यंत हात पोहोचत नव्हता. आपल्या फळ्यावर तशी यादी अजून लागलेली नाही. पावसाळ्यापूर्वी ती लागावी.