शब्द ऐकू आला पाहिजे

आमच्या सोलापुरातल्या घरी गाणे म्हणजे आधी शब्द. वामनदादा कर्डकांची गाणी नुसत्या ठेक्यासाठी कोण ऐकतो? म्हणून स्पीकरचा आवाज फाटू लागला की घासात खडा लागल्यासारखे होते.

आमच्या वडिलांची हयात पूर्व भागातल्या यंत्रमागावर गेली, चादरी आणि टॉवेल विणण्यात. वर्षानुवर्षांच्या खडखडाटाने कान मंदावतात. आधी जातो तो बारीक आवाज, साधारण ४००० हर्ट्झचा. मग स, श, त ही अक्षरे पुसट होतात. "शब्द कळेना, वाढव की जरा," असे वडील म्हणत आणि बटण शेवटपर्यंत जाई. एके दिवशी ट्वीटर जळाला. बारीक आवाज देणारा नेमका तोच!

शेजारी म्हणाले, वॅट जास्त झाले. दुरुस्तीवाल्या दादांनी उलटेच सांगितले. स्पीकर ६० वॅटचा, ॲम्प्लिफायर १५ चा. कुवतीपलीकडे ताणला की ॲम्प्लिफायर आवाजाच्या लहरींचे माथे छाटून टाकतो. त्यातून गाण्यात नसलेली चिरचिर तयार होते आणि ती ट्वीटरवर जाऊन पडते.

मग घ्यावे काय? खोक्यावरचा 'पीएमपीओ'चा हजारांचा आकडा विसरावा, 'आरएमएस' किती ते विचारावे. स्पीकरच्या आरएमएसइतका किंवा दीडपट ॲम्प्लिफायर घ्यावा आणि आवाज फाटायच्या आत थांबावे. ओहमही पाहावेत. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायरला ४ ओहम चालत नसतील तर तो तापतो.

वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल मिळतात ते पाहून स्पीकर निवडावा. ८७ ऐवजी ९० चा घेतला तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो.

आम्ही वडिलांसाठी स्पीकर खाटेजवळ, कानाच्या उंचीवर आणला आणि बास कमी केला. आता बरेच शब्द त्यांना लागतात, सगळे नाही.

बंधु-भगिनींनो, जळालेला ट्वीटर बाजारात मिळतो, गेलेला कान मिळत नाही. आपली जी मुले आज मागावर उभी आहेत, त्यांच्या कानात इअरप्लग आहेत का, तेवढे आज रात्री जेवताना विचारा.