सेकंद काटा

2025 च्या जानेवारीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत बघायला मी दिल्लीला गेले. इंदिरा गांधी स्टेडियमच्या दारात तपासणीला उभ्या असलेल्या मुलीनं माझ्या मनगटाकडं बोट केलं. "ये चलती है?" चलती है, म्हटलं. चावी दिली की चलती है.

आत गेल्यावर मात्र त्या घड्याळाला काहीच काम नव्हतं. गुळगुळीत मॅट, डोळे दिपवणारा उजेड आणि भल्यामोठ्या पडद्यावर सरकणारे सेकंद. आपल्या मुलींनी नेपाळला 78–40 असं हरवलं. संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे, त्यामुळं माझा घसा सामना संपण्याआधीच बसला होता. हल्ली पळणारी तुकडी ठरावीक वेळ टिकली की तिला गुण मिळतात, त्याला 'ड्रीम रन' म्हणतात. अण्णा असते तर तंबाखू मळत म्हणाले असते, "आत्ता आलं व्हय ध्यानात ह्यांच्या!"

अण्णा एसटीत कंडक्टर होते, उस्मानाबाद डेपोला. एचएमटी 'जनता' हे घड्याळ त्यांचं. ताई खो-खो खेळायची आणि कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणारा मोफत पास अण्णा देवदर्शनाला न वापरता तिच्या सामन्यांना वापरायचे. आई यावरून कायम धुसफुसायची. पंढरपूर रस्त्यात लागायचं, पण गाडी थांबेल तेवढाच वेळ. ती स्टँडवरूनच हात जोडायची.

परगावच्या मैदानाला एक वास असतो. पाणी मारलेल्या मुरमाचा, त्यावर ओढलेल्या ओल्या फक्कीचा. सगळं गाव कडेनं दाटीवाटीनं बसलेलं असायचं आणि आम्ही उस्मानाबादचे सात-आठ जण एका खांबाच्या मागं, जिथून नीट दिसत नाही तिथं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याचा कॅन. यजमानांच्या मुलीनं गडी मारला की मैदान दणाणायचं. आमच्याकडून कुणी टिकलं तर आमच्याच टाळ्या, त्याही एसटीत मागच्या सीटवर कुणी तरी वाजवल्यासारख्या. 'उस्मानाबाद' हा शब्द घोषणेला तसा अवघडच, पाच अक्षरं एका दमात बसत नाहीत. धाराशिव झाल्यापासून एक अक्षर वाचलं. बाकी वाद ज्याचा त्याला.

अण्णा घोषणा देत नसत. पळणाऱ्या तीन मुली आत उतरल्या की ते गाडी सोडताना डबल बेल द्यायच्या सवयीनं पुटपुटायचे, "मार डबल," आणि नजर सेकंद काट्यावर. तेव्हा खो-खोत गुण मिळायचे ते मारणाऱ्याला. पळणारीनं कमवायची ती फक्त वेळ. पेपरातही तिच्या नावापुढं मिनिटं-सेकंदच छापून येतात, 1.40 मि., 2.10 मि. म्हणजे आपल्या पोरीनं काय केलं हे कळायचं तर कुणी तरी काट्यावर नजर ठेवायला हवी. परगावात ते काम दुसरं कोण करणार? वाया गेलेल्या तिकिटांच्या पाठीवर अण्णा बॉलपेननं आकडे मांडायचे. ताईच्या शाळेच्या दिवसांतली ती तिकिटं अजून आमच्या ट्रंकेत आहेत. एका बाजूला पंचिंगची भोकं, दुसऱ्या बाजूला ताई.

एक सामना मला फार जवळून आठवतो. गावाचं नाव घेत नाही. शेवटची पाळी, आमची शेवटची तुकडी, ताई एकटी उरलेली. पाटीवर आठ जणी आळीपाळीनं उलट्या तोंडानं बसलेल्या, आणि ताई त्यांच्यामधून एकेरी साखळी धरून चाललेली. एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून. मागच्या मुलीला मधली पाटी ओलांडता येत नाही, वळून मागं येता येत नाही. तिनं 'खो' दिला की नवी मुलगी उठते आणि ताई पुन्हा पलीकडं. ताईचा डावा पाय प्रत्येक वळणाला मुरमात थोडा घसरायचा, त्याची चंद्रकोरीसारखी खूण उमटायची. तशा पाच-सहा खुणा मी मोजल्या.

"अजून पळलाली बघ," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, पण तिकिटाचा कागद मुठीत चुरगळला होता.

खांबाजवळ मारणारीनं सूर मारला. ताईच्या पाठीला बोटं लागली. मग शिट्टी झाली.

अण्णांच्या घड्याळात पाळी संपून चार सेकंद झाले होते. ते उठून टेबलाकडं गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण परत येताना ते माणसांच्या पायांत बघत चालत होते. आम्ही एका गुणानं हरलो. परतीच्या गाडीत सांगोल्यापर्यंत कुणी बोललं नाही. मग ताईच म्हणाली, "अण्णा, मला दम राहिलाच नव्हता." त्यावर अण्णांनी नुसती घड्याळाला चावी दिली, भरलेल्यालाच.

पुढं ताईचं लग्न झालं, खेळ सुटला. अण्णा गेल्यावर घड्याळ माझ्याकडं आलं. 2016 च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता, आणि आला तो आमच्या गावात. त्याच सुमारास घड्याळ बंद पडलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना तोवर बंद झाला होता. दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं जुन्यातून भाग काढून बसवले आणि सांगितलं, "हे पुढं पळतंय. रोज दोन मिनिटं. पहिल्यापासनंच असणार."

घरी येऊन मी कागदावर हिशोब केला. दिवसाला दोन मिनिटं म्हणजे खो-खोच्या एका पाळीत एक सेकंदही पुरता होत नाही. चार तर नाहीच नाही. ताईला फोन करून सांगितलं. ती हसली, पण पुन्हा विचारलं, "नक्की ना?"

2022 च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आमच्याच गावात झाली, तुळजाभवानी क्रीडा संकुलावर. आता आम्ही यजमान. दाटीवाटीनं बसलेलं गाव म्हणजे आम्हीच, दणाणणारेही आम्हीच. एका दुपारी कर्नाटकच्या मुली पळत होत्या. त्यांच्यातली एक, बारीक चणीची, डाव्या पायाला क्रेप बँडेज, काही केल्या सापडत नव्हती. आमच्या लोकांची शिट्ट्या-आरडाओरड चाललेली. पलीकडं खांबाच्या मागं त्यांची चार-पाच माणसं बसलेली. त्यांतला एक वयस्क गृहस्थ सारखा मोबाईल दाबत होता, बहुतेक बॅटरी संपली असावी.

माझी नजर केव्हाच काट्यावर गेली होती. ती बाद झाली तशी मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडं गेले आणि घड्याळ पुढं धरून बोटांनी दाखवलं. एक मिनिट, पन्नास. त्यानं खिशातलं पेन काढून तळहातावर आकडा लिहिला. मग माझं मनगट हलकेच वळवून डायल उजेडात घेतली.

"एचएमटी," तो म्हणाला. "नम्मदु."

उमरग्याकडच्या पाहुण्यांमुळं तेवढं कानडी मला कळतं. आमचंय, म्हणत होता. मी मान डोलावली आणि त्याच्या शेजारी टेकायला जागा मागितली. पुढची तुकडी आत उतरत होती.